कंटेनरातला मांडा

द्रौपदाबाईंनी आत एक पाय टाकला आणि पदर नाकाला लावला.

"हाई काय शे रे?"

"तुन्ही गाडी, माय," प्रेमराज हसून म्हणाला.

जहाजावरून माल आणणारा लोखंडी कंटेनर तो. धुळ्याच्या चिंधा वेल्डरनं मधोमध कापला, खाली चाकं बसवली, बाजूला खिडकी काढली. आज सकाळी प्रेमराजनं तो आपल्या पिकअपच्या मागं जोडून अंगणात आणून उभा केला. आत गॅसची भट्टी, ओटा, पराती ठेवायला फळ्या. बाहेरून पिवळाधमक रंग. लग्नाच्या मांडवात न्यायची फिरती चूल. उद्या शिरपूरला पहिली पंगत होती, पाचशे पानांची, आणि मांडे द्रौपदाबाईंच्या हातचे. अमळनेर तालुक्यात एखाद्या पंगतीला दुसऱ्या कुणाचे मांडे निघाले तर लोक विचारत, "का हो, बाई आजारी आहेत का?"

"वास कसाना रे हाऊ?"

"रंगना."

"रंगना वास माले समजस. हाऊ तो नही."

वास खालून येत होता, जमिनीच्या लाकडी फळ्यांतून. द्रौपदाबाईंनी उकिडवं बसून फळी नखानं खरवडली, नख नाकाशी नेलं आणि लगेच लुगड्याला पुसलं. हा वास त्यांच्या ओळखीचा होता. कपाशी फवारून माणूस घरी येतो तेव्हा त्याच्या कपड्यांना येतो तो. तसले कपडे त्यांनी उभ्या जन्मात उंबऱ्याच्या आत घेऊ दिले नव्हते.

"दोन डाव धुयं, माय. गोमूत्र शिंपडं," प्रेमराज सांगत सुटला. "आणि सफाई देख! सकायपाईन पुरणनं पातेलं उघडं शे. एक बी माशी नही!"

द्रौपदाबाईंनी पातेल्याकडे पाहिलं. खरंच नव्हती. वैशाखाचे दिवस, गुळाचं पुरण आणि माशी नाही. बाहेर अंगणात तर माश्यांचे थवे घोंघावत होते. खिडकीच्या पट्टीपर्यंत यायच्या, तिथंच घुटमळायच्या आणि मागं फिरायच्या.

"माशीले अक्कल शे," त्या म्हणाल्या.

चिंधा खाली चाकाचे नट आवळत होता. त्यांनी खिडकीतून त्याला हाक मारली.

"चिंधाभाऊ, हाऊ डबा महिनाभर तुमना दुकानमा व्हता. दुपारले जेवाले कोठे बठेत तुम्ही?"

"रस्तावर, अक्का. भितडाले टेकीसन."

"ह्या उनमा? आत सावली व्हती ना."

चिंधानं पाना खाली ठेवला. प्रेमराजकडे एकदा बघून घेतलं.

"आत घास उतरस नही, अक्का. दारवर पत्रानी पाटी व्हती, इंग्रजीमा. लाकूडले औषध मारेल शे, आसं लिखेल. मी भाऊले सांगं, फळ्या बदली टाकू."

"वाळवीसाठी मारतस ते!" प्रेमराज चिडला. "माणसाले काय व्हस त्यानं? आणि पंगत म्हणजे काय, जेवलं, हात धुतले, चाललं. उद्याचा दिवस निघू दे, माय. मग बदलू फळ्या. सगळ्या गावाले सांगी बठेल शे मी."

द्रौपदाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. भाकरी मोडावी आणि आत केस निघावा, तसं.

"बरं," त्या म्हणाल्या. "लाव भट्टी."

प्रेमराजचा चेहरा उजळला. त्यानं मातीचं खापर भट्टीवर पालथं घालून आच मोठी केली. द्रौपदाबाईंनी हाताला पाणी लावलं, परातीतल्या कणकेचा गोळा घेऊन त्यात पुरण भरलं आणि तो दोन्ही हातांवर झुलवत, कोपरापर्यंत फिरवत वाढवत नेला. पाहता पाहता मांडा धोतराच्या कापडासारखा पातळ झाला. तो त्यांनी खापरावर टाकला. चारी बाजूंनी पत्रा, त्यात आच. फळ्या तापल्या आणि वास उसळला. चिंधा खोकत खोकत चार पावलं लांब जाऊन उभा राहिला. द्रौपदाबाई मात्र हलल्या नाहीत. मांडा उतरवला, चौघडी केली आणि लेकाच्या हातावर ठेवला.

"पहिला गायना. घरनी रीत शे आपली."

प्रेमराज उडी मारूनच खाली उतरला. गाय गोठ्याच्या दाराशी बांधलेली होती. गाभण, आठवा महिना. शिरपूरच्या बाजारातून त्यानंच निवडून आणली होती, रोज स्वतः तिच्या अंगावरून हात फिरवायचा. गुळाचा वास लागताच तिनं मान लांबवली, जीभ बाहेर काढली.

प्रेमराजनं हात पुढं केला.

जीभ मांड्याच्या कडेला लागणार, एवढ्यात त्यानं हात झटकन मागं घेतला आणि मांडा पाठीमागं लपवला.

चिंधानं मान फिरवली. द्रौपदाबाई खिडकीतून वाकून खाली पचकन थुंकल्या.

"दे ना रे," त्या म्हणाल्या. "थांबना कसाले?"

प्रेमराज एक पाऊल मागं सरला. गाय एक पाऊल पुढं आली. तो आणखी सरला. दाव्याचा पीळ ताणला, खुंटा करकरला, तरी ती मान लांबवून, जीभ बाहेर काढून, त्याच्या पाठीमागच्या हाताकडे ओढतच राहिली.