आनंदरावांचं खळं

सकाळी आनंदरावांनी निकाल दिला : गोल्फ हा खेळ नाही. संध्याकाळी करडी गावात कोणाला विचारलं असतं, तर असा निकाल कोणी ऐकलेलाच नव्हता. आनंदरावांनी तर मुळीच नाही.

निकाल द्यायचा अधिकार मात्र त्यांचाच. गावच्या कबड्डी संघाचे ते जुने कॅप्टन. डावा गुडघा आणि समोरचे दोन दात त्यांनी खेळाला वाहिलेले. शिवाय खळंही त्यांचंच. हलक्या, लवकर येणाऱ्या धानाची मळणी उरकली, की शेणानं सारवलेलं ते खळं गावातल्या पोट्ट्यांना कबड्डीच्या सरावाला मिळे. अट एकच. तिथं खेळच झाला पाहिजे. पत्ते कुटणाऱ्यांना त्यांनी एकदा चपलेनं हाकललं होतं, आणि त्यांत त्यांचा सख्खा साळा होता.

नात दीपमाला दिवाळीच्या सुट्टीत नागपूरहून आली ती गोल्फची काठी घेऊन. तिचा बाप तिथं एका गोल्फच्या मैदानावर गवत कापायच्या कामाला. बघता बघता पोरगी खेळायला शिकली. सुट्टी संपली की राज्याच्या संघाची निवड होती. लांबचा टोला तिला सोपा जाई. चेंडू खड्ड्याजवळ आला आणि चार माणसं बघायला लागली, की हात कापायचा. मागच्या वर्षी तेवढ्यानंच तिची निवड हुकली होती. सरावाला गुळगुळीत जमीन हवी होती. करडीत चारी बाजूंना धानाची धसकटं. गुळगुळीत म्हणावी अशी जागा एकच, आणि तिथं दीपमालेनं आजीला विचारून एक स्टीलचा गिलास तोंडापर्यंत पुरून टाकला होता.

"हा काय खेळ व्हय?" आनंदराव गिलासाकडे बघून म्हणाले. "धाप लागत नाही. कोणी पडत नाही. भांडण नाही. समोर माणूसच नाही, तं हरवतेस कोणाले? खळं भेटणार नाही."

"आबाजी, तुमी लागोपाठ तीन बॉल गिलासात टाकून दाखवा. मी बॅग भरतो आन् आजच चालली जातो नागपूरले."

"तीन? डोळे मिटून टाकतो. मुरारीले बोलाव."

मुरारी शेजारचा. तलावात जाळी टाकायचा आणि कबड्डीत पंच असायचा. शिट्टी कायम गळ्यात, मासे पकडतानासुद्धा. तो आला, खळ्याच्या कडेला उकिडवा बसला आणि त्यानं शिट्टी वाजवली.

आनंदरावांचा पहिला चेंडू गिलासाला वळसा घालून शेणखताच्या ढिगात गेला. दुसरा बकरीला लागला. तिसऱ्याला काठीच लागली नाही.

"कॅप्टन, बॉल घाबरून राहिला तुमाले," मुरारी म्हणाला.

"अवं बुढी! सारवलं कसं तू? इकडं उतार हाये!"

"इतकी वर्सं धान वाळवलं तिथं," आजी बायजाबाई ओट्यावरून म्हणाल्या, "एक दाणा घसरला नाही."

मग पाळी लागली. एक टोला आजोबाचा, एक नातीचा. दीपमाला काठी धरून वाकली, की आनंदराव तिच्या कानाशी जाऊन 'कबड्डी कबड्डी' करू लागले. त्यांच्या मते यात गैर काहीच नव्हतं. निम्मं गाव जेवण सोडून जमलं. पहिल्या काही टोल्यांना दीपमालेचा हात कापला. मग तिला राग आला. दुपार कलली तोवर कापायचा थांबला होता. तिचे चेंडू गिलासात पडून टणाटण वाजत होते आणि प्रत्येक आवाजाला आनंदरावांचा चेहरा एकेक दात पडल्यासारखा होत होता.

उन्हं उतरता उतरता आनंदरावांचे लागोपाठ दोन चेंडू आत गेले. खळ्यावर कोणी खोकेना. दीपमालेनं एकदा घराच्या दाराकडे पाहिलं; आत तिची बॅग होती. आनंदरावांनी तिसरा मारला. तो सरळ गेला, हळू झाला आणि गिलासाच्या काठावर अर्धा आत, अर्धा बाहेर थांबला.

आनंदरावांनी झेप घेतली. तीच जुनी झेप, दात घालवणारी. ते खळ्यावर पालथे आपटले आणि चेंडूला जोरात फुंकर मारली. चेंडू आत पडला.

मुरारीनं शिट्टी वाजवली. "फाऊल! फुंकर मारली! कॅप्टन आऊट!"

"वारा होता बे तो!"

"तुमच्या तोंडातला व्हय वारा!"

आनंदरावांनी मुरारीची गचांडी धरली. मुरारीनं त्यांचं बटण तोडलं. दोघंही धापा टाकत होते. तेवढ्यात कबड्डीची पोट्टी खळ्यावर शिरली आणि आनंदराव त्यांच्या अंगावर ओरडले,

"बाजूनं जा बे! दिसत नाही काय, खेळ चालू हाये?"

सगळ्यांनी ऐकलं होतं. थोड्या वेळानं आनंदरावांनीही ऐकलं.

"आबाजी," दीपमाला हळूच म्हणाली, "मंग मी उद्यापासून सकाळी..."

"उद्या कायले? आत्ता मार. नंबर तुहा हाये."

त्या हंगामात कबड्डी तलावाच्या बांधाखालच्या मोकळ्या जागेत गेली. दोन दिवसांनी गावात मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, भरली. माइकवर आधी हरवलेल्या बकरीची सूचना झाली, मग एका सायकलची. मग आनंदरावांनी माइक हातात घेतला, तुटलेल्या बटणावरून हात फिरवला आणि सरकारी आवाज काढला :

"जगातील समस्त गोल्फ अधिकाऱ्यांना करडीच्या खेळाडूंतर्फे कळविण्यात येते, की गोल्फचा खड्डा पुढील हंगामापासून घमेल्याएवढा करण्यात यावा. ते शक्य नसल्यास प्रत्येक खेळाडूस एक फुंकर मंजूर करावी."