दाब शून्य धरला तर

"ही चोरी आहे," गंगाधरपंत स्वतःशीच म्हणाले आणि तिसरं पान पुन्हा वाचू लागले.

पुण्याच्या एका गणिती त्रैमासिकाने तो टंकलेला लेख सांगलीच्या कॉलेजात त्यांच्या अभिप्रायासाठी पाठवला होता. थंड झालेला मोठा तारा स्वतःच्याच गुरुत्वाने कोसळत कोसळत शून्य आकाराचा होतो, असं सात वर्षांपूर्वी अमेरिकेत मांडलं गेलं होतं. लेखिकेचं म्हणणं, हा निष्कर्ष नुसता गृहीतातून आला आहे. आकडेमोड सोपी व्हावी म्हणून ताऱ्याच्या आतला दाब शून्य धरला. मग तो थांबणार कशाने? मोटारीचा ब्रेक काढून ठेवायचा आणि खंबाटकी घाटात ती थांबत नाही म्हणून सिद्ध करायचं, त्यातला हा प्रकार.

हेच वाक्य एकेचाळीस साली त्यांच्या वर्गात शकुंतला बोलली होती. बावीस वर्षांच्या नोकरीत अशा डोक्याची एकच मुलगी भेटली, आणि बापाला कसली घाई झाली कोण जाणे, परीक्षेआधीच तिचं लग्न उरकलं. तिची टिपणांची वही मिळावी म्हणून पंतांनी मिरजेला तिच्या माहेरी तीन पत्रं टाकली. "तिचं गणित संपलं," एवढंच उत्तर आलं. त्या माणसाचा त्यांना अजून राग येई.

आणि आता कोरेगावची कुणी चारुशीला कान्हेरे तेच काम आपल्या नावावर खपवत होती.

पंतांनी बसल्या बैठकीला अभिप्राय लिहिला. ही कल्पना माझ्या विद्यार्थिनीची, शकुंतलेची आहे. या बाईंचं पुन्हा काहीही छापू नये.

दोन महिन्यांनी शिपाई ज्योतिबा दारात आला. "सर, एक बाई आल्यात. लय येळ बसल्यात."

शकुंतला होती. पार वाळली होती. पंतांना भरून आलं.

"वही कुठाय तुझी?"

"बंबात गेली. गेल्या महिन्यात टपाल आलं त्या दिवशी सासऱ्यांनी घातली." ती खाली बघत होती. "सर, माझं काम माझंच आहे, एवढं तुम्ही लिहून द्याल? तुम्हीच एक उरलात."

"ते केव्हाच दिलं," पंत हसत म्हणाले. "एकीनं चोरलं होतं तुझं काम. मी असं लिहिलंय, की जन्मात तिचं काही छापून येणार नाही."

तिने मान वर केली.

"लग्नात माझं नाव बदललं, सर," ती म्हणाली. "कोरेगावात मला चारुशीला म्हणतात."