ब्रेकमधली हवा

"दाब. मी सांगेपर्यंत सोडू नकोस." मोटरसायकलला ब्रेकची नवी नळी बसवून चारुदत्त आतली हवा काढत होता.

त्याने नट आवळायच्या आधीच शर्वरीने लिव्हर हळूच सोडली. हवा पुन्हा आत गेली. ब्रेक लागला नाही, तर त्याच्या बहिणीकडे जाणं टळणार होतं. तिथे दाजींनी कराओकेचं मशीन घेतलं होतं आणि आज त्यांच्या गाण्यांची बैठक होती.

"मुद्दाम सोडतेयस ना?" त्याने बायकोला विचारलं. तिने लिव्हर पुन्हा घट्ट दाबली.

"सोड. मीपण नट उशिराच आवळतोय."

तेलकट हातानेच त्याने बहिणीला फोन लावला. "ब्रेकच लागत नाही गं. आज काही जमणार नाही."

तासाभरात दारात रिक्षा थांबली. आधी भलामोठा स्पीकर उतरला, मग दाजी.

"तुमची गाडी नाही, म्हटलं आपणच जावं. प्लग कुठंय?"