जोड

सौंसरच्या कारखान्यात तृप्तीनं बाटलीच्या झाकणाचा साचा बनवला. खालचा भाग पोलादाच्या ठोकळ्यातून कापला, त्यावर प्रिंटरनं धातूची पूड वितळवत थरावर थर चढवले आणि मग सगळं मिलिंग मशीनवर तासून एकसारखं केलं.

"जोड दिसला तं हे प्रिंटर उद्याच परत पाठवतो," मालक गुणवंताकाका म्हणाले.

भिंग लावून त्यांनी साचा चारही बाजूंनी पाहिला.

"जोड कुठंच नाही! म्हंजे तू अख्खा साचा ठोकळ्यातूनच कापला. मले येड्यात काढून राहिली का वो?"

तृप्तीनं साच्यात थंड पाणी जायच्या भोकात बारीक तार सरकवली. आतल्या आत वळून ती शेजारच्याच भोकातून बाहेर आली.

"असं वळणारं भोक तुमच्या ड्रिलनं पाडून दाखवा, काका. मी बसते इथंच."