पहिल्यासारखं कर

"कीर्तन लावलं की मारामारीचा सिनेमा लागून राहिला बघ," तारामती फोनवर म्हणाली. "कालपासून हेच चालू हाय. तू टीव्हीला पहिल्यासारखं कर, बाबा."

वैजनाथनं लॅपटॉप पुन्हा उघडला. विष्णुपुरीच्या एका कॉलेजात दिवसभर लोकांचे कॉम्प्युटर दुरुस्त करून तो नुकताच नांदेडच्या घरी आला होता. अजून तोंडही धुतलं नव्हतं. दिवसभर परक्यांची दुखणी, संध्याकाळी अहमदपूरच्या आईचा टीव्ही. कंटाळा यायलाही अंगात त्राण लागतं, तेवढंही उरलं नव्हतं.

टीव्हीमागची ती डबी त्यानंच दिवाळीत बसवली होती. हातावर मावेल एवढा कॉम्प्युटरच तो, लिनक्सवर चालणारा. तिच्यात सिनेमे, जुनी गाणी, कीर्तनं आणि लेकीचे, मृण्मयीचे व्हिडिओ भरून दिले होते. रिमोटचं बटण दाबलं की टीव्हीसुद्धा आपोआप सुरू व्हायचा. आईनं बटणं बोटांनी चाचपून चाचपून पाठ केली होती, तेव्हा सगळे हसले होते. निघताना त्याच्या बायकोनं, पुनमनं, स्वतः शिवलेलं जाड कापडाचं कव्हर टीव्हीला चढवलं आणि धूळ बसू नये म्हणून खाली नाडीची पक्की गाठ मारली. त्यानंतर अहमदपूरला जाणं झालंच नाही. दर रविवारी जायचं ठरे, दर रविवारी काहीतरी निघे.

तो इंटरनेटवरून, नांदेडहूनच डबीत शिरला. रिमोटचा सिग्नल येत होता. फाइली जागच्या जागी होत्या. मशीन बिचारं धडधाकट होतं.

"माय, समोर पहिल्या ओळीत काय लिहिलंय?"

"तुला तिकडं समदं दिसतंय म्हणतो न्हवं? मग मला कशाला इचारतो?"

"अगं, सांग तरी."

"नेहमीचंच हाय. परीक्षा घेऊन राहिला का माझी?"

"अक्षरं मोठी करून देऊ?"

"अक्षरांना काय झालंय? तू फकस्त पहिल्यासारखं कर."

वैजनाथनं कपाळ चोळलं. पोथी घडाघडा वाचणारी ही बाई, पण समोरची एक ओळ वाचून दाखवायला तयार नाही. म्हातारपणी माणसाला हट्ट चिकटतो तो असा.

एरवी त्यानं हसून सोडून दिलं असतं. पण मस्कतच्या नोकरीचं शुक्रवारपर्यंत कळवायचं होतं. पुनमला आणि मृण्मयीला सोबत नेता येणार होतं. अडत होतं ते आईपाशी. ती अहमदपूर सोडायला तयार नव्हती, आणि तिचं एकटीचं नीट चालतंय अशी खात्री पटल्याशिवाय त्याचा पाय निघणार नव्हता.

"साधा टीव्ही जमंना तुला," तो चिडून म्हणाला. "मग तुला एकटीला ठेवून मी कसा जाऊ? राहू दे ते मस्कत."



"असं नको बोलू, लेकरा," ती म्हणाली. "माझ्यापायी थांबू नको. समदं जमतंय मला."

त्याला बोलल्याचं वाईट वाटलं. विषय बदलायला त्यानं विचारलं, "मागच्या आठवड्यात मृण्मयीचा नाच टाकला होता, पाहिलास का?"

"पाहिला की! पैंजण कसे वाजत व्हते लेकराचे. दोनदा लावला मी. बरं, किती वाजले रे?"

"सात. भिंतीवरचं घड्याळ कुठं गेलं?"

"सेल संपला त्याचा."

दोष सापडला तेव्हा वैजनाथला हसावं की रडावं कळेना. आपलेच दात, आपलेच ओठ. परवा त्यानंच अपडेट टाकलं होतं, आणि त्या अपडेटनं मेन्यूच्या वरच्या टोकाला दोन नव्या ओळी घुसवल्या होत्या. कीर्तनं दोन घरं खाली सरकली, त्यांच्या जागी सिनेमे आले. स्वच्छ मराठीत लिहिलेलं होतं, वाचून आणखी दोनदा बटण दाबायचं, एवढंच. पण समजावत बसायची ताकद त्याच्यात नव्हती. त्यानं दोन्ही ओळी काढून टाकल्या.

"लाव आता."

फोनमधून रिमोटचा आवाज आला. टक, टक. जरा थांबून पुन्हा टक. आणि टाळ-मृदंग घुमला.

"हाव! आलं बघ!" आई लहान पोरीसारखी हरखली. "आता तू बिनघोर जा."

वैजनाथचा जीव भांड्यात पडला. शुक्रवारी त्यानं मस्कतला होकार कळवला.

शनिवारी पेढे घेऊन तो एसटीनं अहमदपूरला गेला. मुद्दामच कळवलं नव्हतं. दार उघडंच होतं. आई खुर्चीत बसली होती, टीव्हीकडं तोंड करून, हातात रिमोट. कीर्तन रंगात आलं होतं.

पावलं वाजली तशी तिनं मान वळवली. "कोण? शेजारची वर्षाराणी का?"

"मी आलोय, माय."

"वैजू!" तिचा चेहरा फुलला. "अरे, फोन तर करायचा."

त्यानं वाकून पाया पडून पेढ्याचा पुडा तिच्या हातात दिला. "मस्कतला हो म्हणून आलो."

"लई बरं केलंस." तिनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला, कपाळ, नाक, हनुवटी, सावकाश. डोळे भरून आले होते तिचे. वैजनाथचेही भरून आले. ते लपवायला त्यानं भिंतीकडं पाहिलं. घड्याळ चालू होतं, वेळही बरोबर होती.

"सेल टाकलास का?" त्यानं विचारलं.

"ते ऱ्हाऊ दे. माझा घोर नको करू आता," असं म्हणत तिनं रिमोट टीव्हीकडं रोखला. "हे बघ, चित्र कसं आरशावानी साफ येऊन राहिलंय."

टीव्हीच्या पडद्यावर पुनमचं कव्हर तसंच होतं, आणि खालच्या नाडीला दिवाळीतली तीच गाठ होती.