कोप्यांमधला उजेड

"उजेड वाढवा," आबासाहेब दारातूनच म्हणाले.

सीमाचं बोट कॅमेऱ्याच्या कळीवर होतं. उघड्या दारातून दुपारचं ऊन थेट टेबलावर आलं आणि ते चित्र वाया गेलं.

"आधी दार लावा."

आबासाहेबांनी दार लावलं, पण आत येऊन. ते कारखान्याचे प्रसिद्धी अधिकारी. ऊसतोड मजुरांच्या सोयींवर एक बाहुलीपट करायचा, हे त्र्याण्णवच्या हंगामात त्यांनीच संचालकांच्या गळी उतरवलं होतं आणि खिडक्यांना काळा कागद लावून गेस्ट हाउसची ही खोली सीमाला दिली होती. टेबलावर उसाच्या पाचटाच्या वीतभर उंच कोप्या, मजुरांच्या झोपड्या, उभ्या होत्या, त्यांत मातीची माणसं. सीमा एका बाईचा हात केसभर हलवी, एक चित्र घेई, पुन्हा केसभर हलवी. सकाळपासून त्या बाईची अर्धी भाकरी थापून झाली होती.

प्रत्येक कोपीत मसुरीच्या दाण्याएवढा पिवळा दिवा होता, टेपरेकॉर्डरवर लुकलुकतो तसला एलईडी. सगळ्यांच्या तारा एकाच बटणाला जोडलेल्या. रेडिओचा आवाज कमीजास्त करावा तसा त्याने उजेड कमीजास्त व्हायचा. ते कुठवर फिरवायचं हे ठरवायला सीमा कितीतरी संध्याकाळी मजुरांच्या तळावर, ऊस तोडणाऱ्या लंकाबाईच्या कोपीत जाऊन बसली होती. चिमणीच्या उजेडात परातीतलं पीठ दिसतं, पण परातीपलीकडे निजलेलं मूल दिसत नाही. तेवढाच उजेड तिला हवा होता. तो सापडल्यावर तिने त्या बटणाला कुणाला हात लावू दिला नव्हता. मधेच उजेड बदलला, तर पडद्यावर लगेच कळतं.

"काही दिसतच नाही यात," आबासाहेब टेबलावर वाकले. "नुसता काळोख."

"कोपीत एवढंच दिसतं."

"आमच्या तळावर वीज आहे, बाई."

"खांब आहेत."

"मग खांब काय शोभेला उभे केलेत?"

सीमा पुन्हा कॅमेऱ्यावर वाकली. तेच त्यांना जास्त झोंबलं.

"तुम्हा लोकांचं कळतं मला. गरिबी दाखवायची आणि पुण्यात जाऊन टाळ्या घ्यायच्या. त्यासाठी आमचाच कारखाना सापडला."

"टाळ्या तुम्हाला हव्यात. मला हा हात पुरा करायचाय. बाजूला व्हा."

ते बाजूला झाले नाहीत. त्यांनी हात लांब केला आणि बटण पार शेवटपर्यंत फिरवलं. कोप्या एकदम लखलखल्या. मातीच्या बाईच्या गालावर सीमाच्या बोटांचे ठसे दिसायला लागले. कोपऱ्यातलं मूलही दिसलं.

"हे असं. नाहीतर आवरा तुमचा खेळ आणि संध्याकाळची शेवगाव गाडी धरा. आधीचंही परत असंच काढा."

"रीळ पुरणार नाही पहिल्यापासून."

तिच्या पिशवीत कोरी रिळं होती. ती आबासाहेबांच्या डोळ्यांत बघत खोटं बोलली.

"मग इथून पुढं तरी नीट काढा," ते म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले. तिने बरीच चित्रं घेतलेली पाहूनच उठले.

ते गेल्यावर बटण मागे फिरवायला कुणाची आडकाठी नव्हती. तिने ते फिरवलं नाही. दिसू दे त्यांच्या बोटाचा डाग पडद्यावर. अर्धी भाकरी अंधारात, अर्धी झगझगीत. कुणी विचारलंच तर नाव सांगेन. संतापाच्या भरात तिने दुसरी अर्धी भाकरी पुरी केली. काम संपवून तारा गुंडाळताना मात्र त्या मातीच्या बाईकडे तिला बघवेना.

फिल्म धुऊन आली तोवर पुढचा हंगाम लागला होता. दिवस मावळल्यावर तळावर दोन बैलगाड्यांच्या मधे पांढरं कापड बांधलं. प्रोजेक्टरसाठी कारखान्याचा जनरेटर आला. पुढे जमिनीवर मजूर, मागे खुर्च्यांवर संचालक आणि आबासाहेब. तळावरचे खांब अंधारात उभे होते.

पडद्यावर मिणमिणती कोपी दिसली. बाईने पीठ मळलं, गोळा हातावर घेतला. कुणी चुळबुळ केली नाही. प्रोजेक्टरजवळ उभ्या सीमाला पुढच्या रांगेतली लंकाबाई शेजारणीला सांगताना ऐकू आली, "आपलीच कोपी हाय की ही."

मग भाकरी अर्ध्यात असताना पडदा भपकन उजळला. सीमाने मान खाली घातली. इतका वेळ गप्प बसलेली माणसं आता हसणार, असं तिला वाटलं.

"आये, लाईट आली," एक पोर ओरडलं.

"लाईट कशाची," लंकाबाई म्हणाली. "सायेब आले असतील तळावर. त्ये गेले की जाईल."

हसू फुटलं, पण ते सिनेमाला नव्हतं. ते एका रांगेतून दुसऱ्या रांगेत गेलं आणि मग एकेक मान मागे वळायला लागली.

"बंद करा ते," आबासाहेब खुर्चीतूनच म्हणाले.

प्रोजेक्टरची कळ सीमाच्या हाताशीच होती. तिने हात पदराखाली घेतला.

माणसं मागे वळून बघत राहिली. तळावर दुसरा उजेड नव्हता. पडद्यावरच्या कोप्यांचा काय तो होता, आणि तो थेट आबासाहेबांच्या तोंडावर पडला होता.