सुताराचं माप

आमची रुग्णवाहिका मी लहान असताना गावानेच उभी केली. बेकरीवाल्याने जुनी गाडी दिली, गॅरेजवाल्याने ती चालती केली आणि लाकडी स्ट्रेचर सुताराने, म्हणजे माझ्या बाबांनी, बनवलं. गावात सगळ्यांत उंच तेच. जमिनीवर आडवे झाले आणि आईकडून डोक्याशी, टाचांशी खडूने खुणा करून घेतल्या. "मी मावलो की गाव मावलं," म्हणाले. तेव्हापासून घरटी एकजण पाळीपाळीने गाडीवर असतो, बिनपगारी. चाकांचं स्ट्रेचर आलं, तरी आमच्या घरासारख्या अरुंद जिन्यात अजून बाबांचंच लागतं. आज पाळी माझी होती आणि फोन आईचा: "बाबांच्या छातीत कळ आलीय." पाळीवर सोबत असलेल्या बेकरीवाल्याच्या सुनेने नि मी त्यांना त्याच स्ट्रेचरवर निजवून पट्टे आवळले. टाचांपलीकडे चार बोटं फळी उरली. बाबांनी मान उचलून पाहिलं. "लांब झालंय. परत आलो की कापतो." निघताना मी आईला करवत लपवायला सांगितलं.